व इतर

शेफील्ड, फेब्रुवारी. हॉलमधला हीटर
फक्त पाहुण्यांच्या बाकामागे चालतो.
मी टेबलाच्या डाव्या टोकाला, लॅपटॉपपुढे.
शेजारी मॉरीन क्लॅफम, वय एकाहत्तर,
गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, नजर घारीची.
ती बोलते, मी टिपते.

"पांढरी सात, दोन, चुकला. निळी अकरा, रिबाउंड.
निळी चार, तीन, आत. असिस्ट निळी नऊ."
वाणसामानाची यादी वाचावी तसा आवाज.
अख्ख्या सामन्यात एकदाही "वा!" नाही.
मागे पाचशे माणसं तिच्या वाट्याचंही ओरडतात.

ब्रिटन पांढऱ्यात, लिथुआनिया निळ्यात.
बेथन ओकशॉट : सतरा प्रयत्न, पाच आत.
कागदावर हे वाईट दिसतं.
खरं सांगायचं तर मैदानावरही वाईटच दिसत होतं.
रूता गेलाझीते : बावीस गुण, टर्नओव्हर एक,
आणि तो एकसुद्धा तिने असा काही मनाला लावून घेतला
की मला तो टिपताना चोरटं वाटलं.
तेमी अडेयिंका, पांढरी चौदा :
चार मिनिटं बारा सेकंद, फाउल दोन,
बाकी ओळभर शून्यं,
रेघा ओढायच्या राहून गेलेल्या रांगोळीचे ठिपके.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये, डाव्या कोपऱ्यात,
ओकशॉटचा आणखी एक नेम कड्यावरून उडाला.
सहा हात वर. चेंडू कुणाच्याच मुठीत नाही,
बोटांवरून बोटांवर, रेषेबाहेर, जाहिरातीच्या फळीवर धप्प.
पंचांनी पांढऱ्यांकडे हात केला.
मॉरीन क्षणभर थांबली. मग : "टीम."

टीम म्हणजे, रिबाउंड झाला, पण कुणाचा नाही.
चुकलेला नेम बेवारस ठेवायचा नाही, असा आमचा नियम.
जितके चुकले तितके कुणाच्या तरी पदरात पडले पाहिजेत,
नाहीतर रात्री ताळा जुळत नाही.
धनी सापडला नाही, की घाला संघाच्या खात्यावर.

मिरज, चौऱ्याण्णव साल, दैनिकाचं सहावं पान :
"विजयी संघाकडून कु. सुनेत्रा आठल्येने अठरा गुण नोंदवले.
तिला कु. मृणाल शेडबाळे व इतर खेळाडूंनी
मोलाची साथ दिली."
इतर, म्हणजे मी.
त्या दिवशी मी नेमकं काय केलं, कुणी लिहून ठेवलं नाही,
आणि आठवणीत मी दर दोन-तीन वर्षांनी
स्वतःला एखादा रिबाउंड वाढवून देत आले.
आईने तरीही कात्रण कापलं.
"इतर"खाली निळ्या पेनने रेघ मारली
आणि पीठगिरणीच्या पावत्यांबरोबर तारेला खोचलं.

एकसष्ट-चौसष्ट. हरलो.
खेळाडूंचे रिबाउंड एकतीस, टीमचे पाच, एकूण छत्तीस.
ताळा जुळला. प्रिंटर कुरकुरत चालू झाला.

तेमी टेबलाशी आली, जॅकेट खांद्यावर, चेन उघडी.
"तो डाव्या कोपऱ्यातला. माझा होता का?"
मॉरीन म्हणाली, "टीम."
तिने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं,
मग त्याचा अर्थ लक्षात येऊन पटकन सारवासारव :
"नाही, नाही, नख! नख तुटलंय बघा."
खरंच तुटलं होतं, मुळाशी जरा रक्त.

आम्ही व्हिडिओ तीनदा मागे नेला.
तिचं बोट दिसतं. चेंडू तिथे किंचित वळतो,
निळ्या मनगटाला लागतो, बाहेर जातो.
स्पर्श आहे. ताबा नाही.
नियम ताब्याचा आहे, मॉरीन म्हणाली,
आणि हे सांगताना तिने चष्मा काढून पुसला,
जो स्वच्छच होता.

तेमीने "ओके" म्हटलं, आपली प्रत मागितली.
मी पेन शोधलं. काळंच सापडलं.
सगळ्यात खालच्या ओळीत, "टीम : ५",
तिच्याखाली रेघ मारून कागद दिला.
तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
"ट्राम नऊ मिनिटांत," मॉरीन शाल घडी करत म्हणाली,
"आणि पुढची चाळीस मिनिटांनी."